जड व्हॉल्व्ह म्हणजे टिकाऊ व्हॉल्व्ह? नाही

“हाताला जड लागला की पाण्याच्या पाइपचा व्हॉल्व्ह पक्का, आणि एकदा बसवला की हात लावायचा नाही,” हे कोल्हापुरात पेठापेठांत ऐकू येतं. दोन्ही चूक. चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह जडच असतो. पण पाणी अडवणारी आतली पाचर जिथं टेकते तिथं गाळ, क्षार साठतात. चाक पूर्ण आवळलं तरी पाणी झिरपतंच. घरासाठी दांडीचा पितळी बॉल व्हॉल्व्ह घ्या, त्यात पाचरीऐवजी आरपार भोक असलेला गोळा फिरतो. पाव फेरीत बंद होतो, शिवाय दांडी बघूनच कळतं उघडा आहे की बंद. मात्र तो अर्धवट उघडा ठेवू नका, धारेनं गोळ्याभोवतीच्या, गळती रोखणाऱ्या टेफ्लॉनच्या कड्या खराब होतात. आणि बोअरचं पाणी असेल तर अधूनमधून दांडी पूर्ण फिरवाच! नाहीतर क्षारानं गोळा जागीच धरतो, आणि ऐन गळतीत दांडी हलत नाही.