बँकेचं लीगल आणि आपलं लीगल

घर घेणाऱ्याला ‘वकील केलास का?’ असं विचारलं की हमखास ऐकू येतं, ‘बँकेचं लीगल झालंय की! कागदांत घोळ असता तर त्यांनी लोन दिलं असतं का?’ लीगल म्हणजे घराच्या कागदपत्रांची वकिलाने केलेली तपासणी. युक्तिवाद बिनतोड वाटतो. बँकेचे पैसे आपल्यापेक्षा जास्त अडकणार, मग तिचा वकील डोळ्यांत तेल घालून बघणारच. बघतोही. पण तो बँकेसाठी बघतो.

बँकेचा वकील आणि आपण केलेला वकील, सुरुवात दोघांची सारखीच. दुय्यम निबंधक कार्यालयातला सर्च, म्हणजे तिथे नोंदलेल्या व्यवहारांचा शोध, साधारण 30 वर्षांचा. सर्च रिपोर्ट कधी हातात घेतला असेल तर आठवेल, एकेका वर्षापुढे शेरा असतो: 1996 निरंक, 1997 निरंक, 1998 ‘सूची क्र. 2 ची पाने फाटलेली’, 1999 निरंक. सूची क्र. 2 म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांची यादी, आणि निरंक म्हणजे त्या वर्षी या मिळकतीचा नोंदलेला व्यवहार सापडला नाही. फाटलेल्या पानांवर काय होतं ते देव जाणे. म्हणून जोडीला जुने करारनामे लागतात, बिल्डरपासून आजच्या विकणाऱ्यापर्यंत, मधली कडी न तुटता. याला ‘चेन’ म्हणतात. शिवाय जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. एवढं दोघंही मागतात.

पुढे वाटा फुटतात. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाची फी ‘लीगल चार्जेस’ म्हणून बहुधा तुमच्याकडूनच घेतली जाते, पण त्याचा अहवाल बँकेच्या नावाने लिहिलेला असतो. त्याची प्रत अनेकांना बघायलाही मिळत नाही. त्याच्यापुढचा सवाल एकच: उद्या हप्ते थकले, तर हे घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील का?

आकडे मांडून बघा. फ्लॅट 80 लाखांचा. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे जास्तीत जास्त 64 लाख. उरलेले 16 लाख तुमचे. पुणे महापालिका हद्दीत पुरुष खरेदीदाराला सगळं धरून 7 टक्के मुद्रांक शुल्क, ते 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30 हजार. तुमच्या खिशातून गेले 21 लाख 90 हजार. घर वादात सापडून 64 लाखांतच विकलं गेलं, तरी बँक सुटते. त्याहून कमी आले तर उरलेलं कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं, कारण कर्जाच्या करारावर सही तुमची आहे. मालकी हक्कात खोट निघाली म्हणून हप्ता माफ होत नाही.

वेळेचाही घोटाळा असतो. हातात ‘सँक्शन लेटर’, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र, पडलं की लोक पेढे वाटतात, पण बरेचदा ते तुमचा पगार आणि सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) बघून दिलेलं असतं. मिळकतीचं लीगल त्यानंतर. तोवर विसार देऊन झालेला असतो, कधी कधी करारनामाही नोंदवून झालेला असतो. आपला वकील विसार देण्याआधी गाठायचा असतो. विसार पावतीत ‘लोन नामंजूर झाल्यास रक्कम इतक्या दिवसांत परत’ ही एक ओळ त्याने घातली नाही, तर पुढे विकणाऱ्याच्या दारात चपला झिजवायची पाळी येते. बँकेच्या वकिलाला या ओळीशी काही घेणंदेणं नाही.

सर्चमध्ये फक्त नोंदलेले व्यवहार दिसतात. विकणाऱ्याची बडोद्याला दिलेली बहीण, जिने वडिलांच्या फ्लॅटवरचा हिस्सा कधी सोडलेलाच नाही, ती सूची क्रमांक 2 मध्ये दिसत नाही. ‘नॉमिनी मीच आहे’ हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका. नॉमिनी झाल्याने वारसांचे हक्क संपत नाहीत, बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागायचं. अशासाठीच वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात: 14 दिवसांत हरकत असल्यास कळवावे. आपला वकील ही नोटीस सुचवतो, बँकेचा सहसा त्या भानगडीत पडत नाही.

आणखी एक नजरेतून निसटणारी जागा म्हणजे टीडीएस, विकणाऱ्याला पैसे देतानाच कापायचा कर. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का कापून सरकारजमा करायचा, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. विकणारा अमेरिकेत किंवा दुबईत स्थायिक असेल तर मात्र हा 1 टक्क्याचा नियम लागू होत नाही. तरतूद वेगळी, दर बराच जास्त. कमी कापला तर नोटीस घेणाऱ्याला येते.

नव्या प्रकल्पात तिसरा वकील असतो, बिल्डरचा. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी हक्काचा अहवाल, असतो तो त्याचा. वाचा जरूर, पण आपल्या वकिलासमोर ठेवून. माहितीपत्रकावरची बँकांची बोधचिन्हं म्हणजे त्या बँका तिथे कर्ज द्यायला तयार आहेत, इतकंच.

विकणाऱ्याला वकील लागतो का? जुनं कर्ज चालू असेल, मूळ कागद बँकेत अडकलेले असतील, तर हो. आधी कर्ज कोण फेडणार आणि ताबा कधी द्यायचा, हे कागदावर आलं पाहिजे. एरवी चांगला मसुदा पुरतो.

माझ्या मावसबहिणीने कोथरूडला रिसेलचा फ्लॅट पाहिला. बँकेचं लीगल ‘क्लिअर’ आलं. किमतीत चार लाख पार्किंगचे होते, विकणाऱ्याने खाली नेऊन खांबांमधली जागाही दाखवली, भिंतीवर ऑइलपेंटने फ्लॅटचा नंबर लिहिलेला. तिच्या वकीलबाईंनी मूळ करारनामा उलटापालटा केला आणि विचारलं, ‘यात पार्किंग कुठंय?’ नव्हतंच. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच म्हटलंय की खांबांखालचं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, ती सामाईक जागा. सोसायटीत चौकशी केली तर सेक्रेटरी म्हणाले, ‘आमच्याकडे दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. यंदा त्यांची निघाली.’

बँकेच्या वकिलाचं काही चुकलं नव्हतं. पार्किंग असो वा नसो, बँकेचं कर्ज सुरक्षितच होतं. चार लाख वजा करून व्यवहार झाला. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीत ताईचं नाव निघालं नाही, गाडी गल्लीत शेवग्याखाली असते आणि दर पावसाळ्यात टपावर शेंगा पडतात.