सायरस अणुभट्टी

मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातली, आता कायमची बंद केलेली संशोधन अणुभट्टी. औष्णिक क्षमता ४० मेगावॉट. कोलंबो योजनेतून (राष्ट्रकुल देशांची विकास-मदत योजना) ती कॅनडाने दिली, न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे जड पाणी अमेरिकेने पुरवले. दोन्ही देश तिच्या नावातही आहेत (CIRUS : कॅनडा-इंडिया रिॲक्टर-यूएस). १० जुलै १९६० रोजी तिच्यात प्रथम साखळी अभिक्रिया सुरू झाली.

ॲल्युमिनियमच्या वेष्टनातल्या, सुमारे तीन मीटर लांबीच्या नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या हे तिचे इंधन. त्यातले युरेनियम-२३८ न्यूट्रॉन शोषते आणि त्याचे पुढे प्लुटोनियम-२३९ होते. ढोबळ हिशेब असा : एक मेगावॉट औष्णिक शक्तीमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम. म्हणजे सायरस पूर्ण क्षमतेने चालली, तर रोज चाळीसेक ग्रॅम. कांडी फार दिवस आत राहिली की प्लुटोनियम-२४० साचते. त्याचे विखंडन (अणुकेंद्र फुटणे) आपोआप होत राहते, म्हणून बाँबसाठी ते नको असते. कांडी लवकर बाहेर काढली, तर हवे ते प्लुटोनियम बरेच निर्भेळ मिळते. त्यामुळे भट्टी नुसती पाहून तिचा हेतू कळत नाही. कांडी किती दिवसांनी काढली आणि मग ती कुठे गेली, हे विचारावे लागते. तुर्भ्यातच १९६४ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा कारखाना सुरू झाला होता.

कॅनडाबरोबरच्या १९५६ च्या करारात भारताने शांततामय उपयोगाचे वचन दिले होते, पण ते पाळले जाते की नाही हे तपासायला आंतरराष्ट्रीय निरीक्षक नव्हते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाच मुळी १९५७ मध्ये स्थापन झाली. १८ मे १९७४ रोजी पोखरणला झालेल्या स्फोटातले प्लुटोनियम सायरसमधले होते. सरकारने त्याला ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटले. त्या प्रकल्पाचे एक प्रमुख राजा रामण्णा यांनी १९९७ मध्ये तो बाँबच होता असे उघड सांगितले. कॅनडाने फसवणुकीची तक्रार केली आणि ती रास्तच होती. १९७६ मध्ये त्याने अणुसहकार्य तोडले. अणुसामग्रीच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा पुरवठादार देशांचा गटही या स्फोटानंतरच जन्मला.

वैद्यकीय व औद्योगिक वापराचे किरणोत्सारी समस्थानिक तयार करणे, तंत्रज्ञ घडवणे हे सायरसचे कामही मोठे आहे. १९९७ मध्ये ती नूतनीकरणासाठी थांबवली, काही वर्षांनी पुन्हा चालवली आणि भारत-अमेरिका अणुकरारातल्या कबुलीनुसार ३१ डिसेंबर २०१० रोजी बंद केली. शेजारची १०० मेगावॉटची ध्रुव भट्टी १९८५ मध्ये सुरू झाली असून ती आंतरराष्ट्रीय तपासणीच्या कक्षेबाहेर आहे.