पाण्यातली म्हैस: गाजावाजा झालेला गेम फसला की खापर कुणावर?

ऑगस्ट २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा गेम दुकानात आला, तेव्हा युरोपातल्या काही चोखंदळ गिऱ्हाइकांनी त्याच्या मर्यादित आवृत्तीचं खोकं उलटसुलट करून पाहिलं. तिकडे गेमच्या वेष्टनावर वयोगटाची आणि आशयाची छोटी चिन्हं छापावी लागतात. त्या चिन्हांपाशी एक कागदी तुकडा चिकटवलेला होता. तो सोलून काढला तर खाली ऑनलाइन खेळाचं चिन्ह छापलेलं. म्हणजे खोकं छापायला गेलं तेव्हा कुणाला तरी वाटत होतं की हा गेम चारचौघांत खेळता येणार आहे. खोकं दुकानात पोचेपर्यंत कुणाला तरी कळलं होतं की ते तसं नाही. मधल्या काळात पैसे आधीच भरून बसलेल्या लोकांना हे कुणी सांगायचं, हा प्रश्न मात्र कुणाच्याच टेबलावर नव्हता.

गेम फसला की शिव्या कुणाला घालायच्या, यावरचं भांडण जवळजवळ या धंद्याइतकंच जुनं आहे. दर वेळी एक चेहरा पुढे येतो आणि खापर त्याच्या डोक्यावर फुटतं. त्या चेहऱ्यामागे तारीख ठरवणारा जो कुणी असतो, त्याचं नाव लोकांच्या लक्षात राहत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही तारीख कुणी ठरवली ते आधी बघावं.

पहिलं मोठं उदाहरण १९८२ चं. गेम बनवणारी अमेरिकेतली अटारी कंपनी तेव्हा वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीची होती. वॉर्नरचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांनी स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्याशी बोलणी करून ‘ई.टी.’ चित्रपटावर गेम काढण्याचे हक्क मिळवले. दोन ते अडीच कोटी डॉलरचा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. सौदा पक्का होईस्तोवर जुलै संपत आला होता आणि नाताळच्या बाजारात कॅसेट हवी होती. कॅसेटी बनवायला, भरायला, पाठवायला लागणारे दिवस मागे मोजत गेल्यावर गेम लिहायला उरले सुमारे पाच आठवडे. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. शिवाय त्या काळी गेम म्हणजे एकट्या माणसाचं काम असे: कोड त्याचाच, चित्रं त्याचीच, आवाजही त्याचेच.

तो माणूस होता हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ. ‘करतो’ म्हणाला, हे खरं. तरुण होता, आधीचा गेम गाजला होता, अंगात रग होती. स्पीलबर्ग यांनी आराखडा पाहून ‘पॅक-मॅनसारखं काहीतरी करता येणार नाही का’ असं विचारल्याचं तो पुढे सांगत असे. त्याने वेगळंच काहीतरी केलं आणि दिलेल्या मुदतीत केलं. पण गेममधला तो बिचारा परग्रहवासी पावलोपावली खड्ड्यात पडायचा. मान लांब करून वर तरंगायचं, काठावर यायचं, एक पाऊल टाकायचं, की पुन्हा खड्ड्यात. नाताळात भेट मिळालेल्या पोरांनी दोन दिवसांत कॅसेट बाजूला टाकली. पंधरा लाखांच्या आसपास कॅसेटी विकल्या गेल्या. कुठल्याही गेमला अभिमान वाटावा असा हा आकडा, पण त्याहून जास्त पडून राहिल्या. पुढच्या वर्षी अटारीचा तोटा पन्नास कोटी डॉलरच्या वर गेला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत ट्रक भरभरून माल पुरला गेला.

तीस वर्षं लोक सांगत आले की एका वाईट गेमने अख्खा धंदा बुडवला. २६ एप्रिल २०१४ रोजी तो खड्डा उकरला, तेव्हा वॉरशॉ स्वतः तिथे धुळीत उभा होता. सुमारे तेराशे कॅसेटी वर काढल्या. त्यातल्या बहुतेक ‘ई.टी.’च्या नव्हत्याच. अटारीचे इतर गेम होते, काही तर चांगले खपलेले. म्हणजे कंपनीने सगळीकडेच हात सैल सोडून माल बनवला होता आणि बदनाम झाला तो पाच आठवडे रात्रंदिवस खपलेला गडी. तो पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला, हा योगायोग मला तरी फार बोलका वाटतो.

या पडझडीचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. अमेरिकेतला बाजार कोसळल्यावर तिथे शिरकाव केला जपानच्या निन्टेंडोने. दुकानदारांचा विश्वास उडाला होता, म्हणून त्यांनी खोक्यावर दर्जाचा शिक्का मारला आणि दुसऱ्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढायची मुभा दिली. त्याच निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून आल्या. आठवत असेल: पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि यादी खाली नेत गेलं की दहा-बारा गेमच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. त्या आकड्याचा जाब विचारायला कुणी दुकानात गेल्याचं ऐकिवात नाही. गाजावाजा आणि माल यांतलं अंतर आम्हाला तिथेच समजलं होतं, तरी पुढची कॅसेट आणलीच.

नव्वदच्या दशकात चेहरा बदलला. आता गेम बनवणारा स्वतःच तारा झाला. ‘डूम’ आणि ‘क्वेक’ बनवणाऱ्या चमूतला जॉन रोमेरो बाहेर पडला, त्याने १९९६ मध्ये आयन स्टॉर्म नावाचा स्टुडिओ काढला आणि डॅलसमधल्या एका गगनचुंबी इमारतीच्या चौपन्नाव्या मजल्यावर कार्यालय थाटलं. छत काचेचं. टेक्सासचं ऊन थेट पडद्यावर, काही दिसेना, म्हणून कोट्यवधी डॉलरच्या त्या महालात प्रोग्रामर मंडळींनी आपापल्या खुराड्यावर काळी कापडं ताणली आणि त्याखाली बसून काम केलं. ‘डायकाताना’ हा गेम १९९७ च्या नाताळात येणार होता. त्याच वर्षी मासिकांत लाल पानावर काळ्या अक्षरांत जाहिरात झळकली: रोमेरो तुमची मस्ती जिरवणार आहे, अशा अर्थाची, पण शब्द याहून बरेच घाणेरडे. मग इंजिन, म्हणजे गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर उभा राहतो ते, बदललं, माणसं सोडून गेली, तारखा सरकत राहिल्या आणि गेम आला मे २००० मध्ये. तोवर तो जुनाट दिसत होता. जाहिरात विपणनवाल्यांची, पण तिला हो म्हटलं रोमेरोने. पुढे २०१० मध्ये त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. इथे मी त्याला फार सूट देणार नाही. तारीखही त्याची, नावही त्याचं, काचेचं छतही त्याचंच. गंमत अशी, की त्याच कंपनीच्या ऑस्टिनमधल्या शाखेने महिन्याभरात ‘डेयस एक्स’ काढला आणि तो आजही वाखाणला जातो.

याच सुमारास पीटर मॉलिन्यू नावाचा इंग्रज गेमकर्ता मुलाखतींत गेम रंगवून सांगायचा. ‘फेबल’मध्ये तुम्ही बी पेराल आणि त्याचं झाड वाढताना पाहाल, असं त्याने सांगितलं होतं. २००४ मध्ये गेम आला, झाड काही उगवलं नाही. त्यानेही माफी मागितली.

ट्रेलरचा जमाना आला तसा चेहराही धूसर झाला. २०१३ चा ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ प्रदर्शनांत दाखवला तेव्हा अंधार, धूर, सावल्या सगळं झकास होतं. हातात पडला तो गेम फिकट आणि त्यातले राक्षस इतके मंद, की भिंतीशी घुटमळत बसायचे. ब्रिटनमध्ये तक्रारी झाल्या, अमेरिकेत खटला झाला आणि कोर्टाच्या कागदांत प्रकाशक सेगा व स्टुडिओ गिअरबॉक्स एकमेकांकडे बोट दाखवू लागले. काही वर्षांनी एका हौशी माणसाला गेमच्या एका फायलीत इंग्रजी शब्दात जास्तीचं एक अक्षर सापडलं. ते काढल्यावर राक्षस बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागू लागले. एवढा मोठा तंटा, आणि त्यातला एक तुकडा निव्वळ शुद्धलेखनाचा!

आता पुन्हा त्या चिकटवलेल्या कागदाकडे. ‘नो मॅन्स स्काय’ बनवणारी हॅलो गेम्स ही इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची मूठभर माणसांची कंपनी. डिसेंबर २०१३ मध्ये पहिला ट्रेलर दाखवला आणि त्याच नाताळच्या आदल्या रात्री कार्यालयात पुराचं पाणी शिरून यंत्रं गेली. तरी काम चालू ठेवलं. पुढच्या वर्षी प्लेस्टेशन हे गेमचं यंत्र बनवणाऱ्या सोनीने त्यांना आपल्या मोठ्या मंचावर उभं केलं. गणिती सूत्रातून आपोआप घडणारे ग्रह, एकूण १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१६. हा आकडा दोनाचा चौसष्टावा घात आहे, पण ऐकणाऱ्याला तो वचनासारखा ऐकू आला. कंपनीचा शॉन मरे हा लाजाळू, अडखळत बोलणारा माणूस मुलाखतींत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हो, तसं होऊ शकेल’ म्हणत गेला. दुसरे खेळाडू भेटतील का? शक्यता फार कमी, पण हो.

मे २०१६ मध्ये गेम काही आठवडे पुढे ढकलला, तेव्हा मरेला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढे ढकलल्याची बातमी आधी देणाऱ्या पत्रकारालाही आल्या. गेम आला त्याच दिवशी दोन अनोळखी खेळाडूंनी ठरवून एकच ग्रह, एकच जागा गाठली. दोघे एकाच ठिकाणी उभे होते आणि कुणालाच दुसरा दिसत नव्हता. अगदीच कमी असलेली ती शक्यता पहिल्याच दिवशी खरी ठरली होती, आणि पडद्यावर दुसरं कुणीच नव्हतं. मरे त्यानंतर कित्येक महिने गप्प राहिला. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने चौकशी करून नोव्हेंबरअखेर निकाल दिला, की जाहिरातीत दिशाभूल झालेली नाही. नियमाच्या चौकटीत तो बरोबरही असेल. पण मुलाखती हीच या गेमची खरी जाहिरात होती आणि त्या जाहिरात नियामकाच्या कक्षेत येत नाहीत.

मरेला खोटारडा म्हणणं मला पटत नाही. त्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही. सोनीला मात्र ‘नाही’ म्हणता आलं असतं. पंधराएक माणसांचा गेम शेकडो माणसांच्या गेमशेजारी, त्याच पूर्ण किमतीला, त्याच झगमगाटात ठेवायचा निर्णय त्या माणसांचा एकट्यांचा नव्हता. नंतर सोनीच्याच शुहेई योशिदा यांनी प्रसिद्धीचं धोरण फारसं चांगलं नव्हतं असं कबूल केलं, आणि तेही मरेकडे पाहत.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने तर सुरुवात आदर्श केली होती. जानेवारी २०१३ च्या ‘सायबरपंक २०७७’च्या झलकीत तारखेच्या जागी ‘तयार होईल तेव्हा’ अशा अर्थाची ओळ होती. मग २०१९ मध्ये हॉलिवूडचा नट कियानू रीव्ह्ज मंचावर आला आणि त्याच्यासोबत तारीखही आली: १६ एप्रिल २०२०. ती सप्टेंबरवर गेली, मग नोव्हेंबरवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम पूर्ण झाल्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात पुन्हा लांबणीवर. सक्तीचा जादा वेळ लावणार नाही असं सांगितलेल्या स्टुडिओत आठवड्याचे सहा दिवस काम सुरू झालं. कंपनी वॉर्सा शेअर बाजारात नोंदलेली होती. नोव्हेंबरमध्ये प्रमुख अ‍ॅडम किचिन्स्की यांनी गुंतवणूकदारांना सांगितलं, की जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या जुन्या यंत्रांवर, गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. समीक्षकांना आधी प्रती मिळाल्या त्या फक्त संगणकावरच्या, आणि चित्रफीत वापरायची तर कंपनीने दिलेलीच. जुन्या कन्सोलवर तो कसा चालतो हे १० डिसेंबरला गेम येण्याच्या तोंडापर्यंत समीक्षकांना पाहायलाच मिळालं नव्हतं. तोवर ऐंशी लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले होते.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल, ते हे. आगाऊ नोंदणीला एके काळी अर्थ होता: कॅसेटी मोजक्याच यायच्या, दुकानात संपायच्या. डाउनलोड कधी संपत नाही. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात तर २०१५ पासून दोन तासांच्या आत खेळून बघून पैसे परतही मागता येतात. तरी लोक आधी पैसे भरतात. कुठल्यातरी जास्तीच्या टोपीसाठी, रंगीत तलवारीसाठी, आणि खरं सांगायचं तर वाट पाहण्यातल्या मजेसाठी. खेळणाऱ्याचा दोष असलाच तर एवढाच. धमक्या देणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तो गुन्हा आहे.

आपल्याकडचा ‘फौजी’ हा मोबाइल गेम आठवा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारने त्याची घोषणा केली. बातम्यांनी त्याला पबजीचा देशी पर्याय करून टाकलं. लाखोंनी नावं नोंदवली. मुहूर्त निवडला २६ जानेवारी २०२१ चा. उघडून पाहिलं तर एकट्याने खेळायची गलवानची हाणामारी, बंदूकसुद्धा नाही. रेटिंग भराभर घसरलं. अवघ्या काही महिन्यांत दुसरं काय होणार होतं? पण प्रजासत्ताक दिन काही पुढे ढकलता येत नाही.

‘सायबरपंक’चं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला, जून २०२१ मध्ये परत घेतला. त्याआधी जानेवारीत सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की कॅमेऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, निर्णय वरिष्ठांचे होते, आमच्या चमूंना दोष देऊ नका. इतक्या वर्षांत हे वाक्य इतकं स्वच्छ फार कमी जणांनी उच्चारलंय. त्याच चित्रफितीत ते असंही म्हणाले, की चाचणीत यातले बरेचसे दोष दिसले नव्हते. चाचणी करणाऱ्यांनी त्यावर काय म्हटलं असेल याची कल्पना करा. सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर गेम खरोखर चांगला झाला. वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की तो आणखी वेळ घेतला असता तर आधीही झाला असता.

हॅलो गेम्सनेही वर्षानुवर्षं फुकट सुधारणा दिल्या. जुलै २०१८ पासून त्या ग्रहांवर माणसं एकमेकांना नीट दिसू लागली. डिसेंबर २०२३ मध्ये शॉन मरे पुन्हा मंचावर आला, नवा गेम घेऊन: ‘लाइट नो फायर’. या वेळी पृथ्वीएवढा एकच ग्रह. ट्रेलर संपला, नाव झळकलं, आणि खाली तारीख नव्हती.