बरगे, डोह आणि प्राणिप्लवक : भीमा खोऱ्याची पार्श्वभूमी

दख्खनच्या नदीत मुळात प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, असतात का, हा प्रश्न वाटतो तेवढा खुळा नाही. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या नद्या जुलै-ऑगस्टात एवढ्या जोराने वाहतात, की पाण्यात तरंगणाऱ्या जिवाला पिलावळ वाढवायला सवडच मिळत नाही. उबदार पाण्यात रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारा चक्रधारी जीव) दोन-चार दिवसांत अंड्यावर येतो. पाणपिसवांना (डॅफ्नियासारख्या जिवांना) त्याहून जास्त वेळ लागतो आणि डायाप्टोमससारख्या कोपेपॉडांना, म्हणजे कोळंबीच्या गोतातल्या सूक्ष्म जिवांना, तर आठवडे. तेवढ्यात ते पाणी कितीतरी गावे मागे टाकून गेलेले असते.

म्हणजे जुन्या नदीचे एक पंचांग होते. पावसाळ्यात सगळे धुऊन जायचे. दिवाळीनंतर धार बारीक होऊन डोह सुटे पडायचे आणि होळीच्या सुमारास त्या डोहांत प्राणिप्लवकांचा सुकाळ व्हायचा. डोह आटलाच तर गाळात अंडी उरायची. पाणपिसवांची ही टिकाऊ अंडी खोगिरासारख्या कवचात असतात आणि कोरडी पडूनही वर्षानुवर्षे तग धरतात. पुढच्या हंगामाचे बियाणेच ते.

माणसाने हात घातला तो या पंचांगात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्यात नदीवर बंड (बंधारा) बांधला गेला, १८७९ साली खडकवासला झाले, १९६१ च्या जुलैत पानशेत फुटले. हे सगळे वाचकांना पाठ आहे. प्लवकांच्या दृष्टीने खरा फरक पडला तो नंतर : १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याच्या आगेमागे नद्यांवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या माळा लागल्या.

धरणाची चर्चा सगळे करतात, बंधाऱ्याची कोणी करत नाही. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खाचांत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसतात, फटींत माती-चिंध्या कोंबतात आणि दोन दिवसांत खळाळ बुडून तिथे तळे होते. पुढचा पावसाळा येईतो नदी म्हणजे एकाखाली एक ठेवलेली तळी. पूर्वी डोह सुटे पडायला महिने लागायचे, ते आता एका आठवड्यात होते. उलट ऐन एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा डोह निवांत असायचा, तेव्हा वरच्या धरणातून आवर्तन (पाळीचे पाणी) सुटते आणि बहरलेले प्लवक वाहून जातात. धरणातून निसटलेलेही फार लांब जात नाहीत. खालच्या खडकाळ पात्रात मासे आणि जाळी विणून बसणाऱ्या अळ्या त्यांचा काही किलोमीटरांत फडशा पाडतात.

आता शब्दाचा घोळ. ‘प्लँक्टन’ ही मूळ जर्मन संज्ञा १८८७ ची, आणि ती समुद्रासाठी घडवलेली. आपण ‘प्लवक’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तरंगणारा जीव येतो. पण वाहत्या पात्रात बादलीने ५० लिटर पाणी घेऊन साधारण ६० मायक्रॉनच्या जाळीतून गाळले, तर बाटलीत पुष्कळदा येतात ते लेकेनसारखे रोटिफर : चपटे, मागे एकदोन नख्या, शेवाळावर आणि पाणवनस्पतींच्या देठांवर रांगणारे. ते पाण्यात आले ते धक्का लागून. अभ्यासकांतला एक गट त्यांना आगंतुक म्हणून यादीतून वगळतो, दुसरा मोजतो. ही किरकोळ हुज्जत नाही. वगळले की वाहती नदी दरिद्री दिसते आणि बंधाऱ्यामागचे तुंबलेले पाणी समृद्ध, कारण तिथे ब्रॅकिओनस हा रोटिफर लिटरमागे शेकड्यांनी सापडू शकतो. मोजले की चित्र उलटू शकते : वाहत्या काठावर जाती अनेक पण प्रत्येकीची डोकी थोडी, आणि तळ्यात जाती मोजक्या पण झुंबड मोठी. ‘धरणामुळे जैवविविधता वाढली’ हे वाक्य छापलेले दिसले, की आधी यादी कशी केली ते पाहावे. माझा कल आगंतुकांना मोजण्याकडे आहे, हे लपवत नाही. जाळीचाही हिशेब आहेच. मऊ अंगाचे छोटे रोटिफर ६० मायक्रॉनमधून सरळ निसटतात.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी शेवटी उजनीत जाते. सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दरवाज्यातून न निघणारे पाणी. उन्हाळ्यात धरण वजा झाले, म्हणजे पातळी या मृतसाठ्यात उतरली, की भिगवणच्या बाजूला पाण्यावर हिरवी साय धरते. त्यात मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गुठळ्या असल्या तर पाणपिसवांची गाळणी तुंबते. मोठ्या जातींना कटला टिपतो, आणि चिलापीची पिल्लेही त्यांना सोडत नाहीत. मागे उरतात ती बारीक चणीची आणि घाण सोसणारी मंडळी : ब्रॅकिओनस, मोइना ही छोटी पाणपिसू, सायक्लॉप्स या कोपेपॉडाचे भाईबंद. पाठीमागे अंडे चिकटवून फिरणारी शिंगाळ ब्रॅकिओनस मादी सूक्ष्मदर्शकाखाली देखणी दिसते, पण ती गर्दीने आली तर पाण्याची तब्येत बरी नाही असे धरतात.

सायक्लॉप्स जुन्या लोकांना वेगळ्या कारणाने ठाऊक. पायविहिरीतल्या पाण्यातून नारूचा कृमी पोटात जायचा तो याच्याच अंगातून. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा. तेव्हा विहिरींना कठडे बांधून, औषध टाकून, पाणी फडक्याने गाळून प्राणिप्लवकांवर मोहीम चालली, आणि ती रास्तच होती.

अलीकडची भर म्हणजे वाळूउपसा आणि काठांची बांधबंदिस्ती. वाळू आणि गाळ उपसला की अंड्यांचे बियाणे ट्रॉलीत भरून जाते. पुण्यात २०२२ पासून सुरू झालेल्या नदीकाठाच्या कामावर वाद झाला तो झाडे, पूर आणि खर्च यांवर. उथळ, गवताळ कड जिथे बुजते, तिथे लेकेनची जागाच जाते. आणि ज्यांच्या यादीत तो आगंतुक म्हणून आधीच वगळलेला आहे, त्यांच्या आकड्यांत काहीच घटलेले दिसणार नाही.