आसियान: एकमत की नुसतंच बिनविरोध?

आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाच्या, परिषदेतला तो फोटो सगळ्यांनीच बघितलेला असतो, नेते ओळीत उभे, हातांची कैची करून डाव्या-उजव्या शेजाऱ्याचा हात धरलेला, आणि पाहुण्या आलेल्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाला कुठला हात कुठे द्यायचा तेच कळत नसतं. एरवी आपल्याकडे हा विषय सिंगापूर-बालीची टूर आणि पामतेल यापलीकडे फारसा जात नाही. सदस्य कोण, मुख्यालय कुठे वगैरे इथे सोडून देतो. खरा घोळ एका शब्दाचा आहे, एकमत.

आपले पेपर सरसकट "आसियानने एकमताने निर्णय घेतला" असं छापतात. तिकडची मूळ जोडी इंडोनेशियन आहे, मुशावरा आणि मुफाकत. दोन्ही शब्द अरबीतून गेलेले, पैकी पहिला म्हणजे हिंदीतून आपल्या कानावर येणारा मशवराच. बोलत बसायचं, कुणाला चारचौघांत कोंडीत पकडायचं नाही, मतदान तर अजिबात नाही, आणि शेवटी कुणी उघड "नाही" म्हणत नाहीये असं दिसलं की झाला निर्णय. म्हणजे सगळ्यांचं मत एक झालेलं नसतंच, फक्त विरोध उरलेला नसतो. याला मराठीत बिनविरोध म्हणतात. गावची निवडणूक बिनविरोध होताना ज्यांनी जवळून बघितलीये, अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोणाच्या घरी किती चकरा होतात ते माहितीये, त्यांना आसियान वेगळं समजवायची गरज नाही.

ही रीत आली भीतीतून. १९६७ ला बँकॉकमध्ये आसियानच्या स्थापनेवर पाच देशांच्या सह्या झाल्या तेव्हा इंडोनेशिया-मलेशियाचा सशस्त्र संघर्ष थांबून जेमतेम वर्ष झालेलं, सिंगापूर मलेशियातून बाहेर पडून दोन वर्षं, आणि मलेशियातल्या साबा प्रांतावर फिलिपिन्सचा दावा होताच. सह्यांच्या आधी मंडळी बांगसेनच्या किनाऱ्यावर गोल्फ खेळत मसुदा जुळवत होती. अशा घरात मतदान ठेवलं असतं तर पहिल्याच वर्षी कुणीतरी उठून गेलं असतं.

एकदा मात्र हा गट खरोखर एका सुरात बोलला, व्हिएतनाम १९७८ च्या डिसेंबरात कंबोडियात घुसला तेव्हा. आणि बोलला काय, तर लाखो माणसं मारलेल्या ज्या राजवटीला व्हिएतनामने हाकललं तिचीच संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची टिकवायची. आपण नेमकं उलटं केलं, १९८० मध्ये व्हिएतनामच्या पाठिंब्याने बसलेल्या नव्या सरकारला मान्यता दिली, आणि त्यानंतर बरीच वर्षं हे दार आपल्यासाठी जवळपास बंदच राहिलं; भारत ठरावीक क्षेत्रांपुरता भागीदार झाला तो थेट १९९२ ला. भारताच्या "लुक ईस्ट" (पूर्वेकडे बघा) धोरणाची गोष्ट सांगताना हा भाग कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे १९९५ ला व्हिएतनाम स्वतःच आत आला, मग लाओस-म्यानमार, १९९९ ला कंबोडिया. पाचांत जमणारं बिनविरोधचं गणित आता दहांत जमवायचं होतं.

नव्वदीनंतर यांना वेगळंच काम मिळालं, यजमानाचं. चीनने बैठक बोलावली तर जपान साशंक, अमेरिकेने बोलावली तर चीन, मग बसायचं कुठे तर यांच्याकडे. २००५ ला पूर्व आशिया शिखर परिषद सुरू झाली, २०११ ला अमेरिका आणि रशियाही येऊन बसले. तोवर २००८ मध्ये आसियानची सनद लागू झालेली, त्यात मशवरा आणि एकमत लिहून ठेवलं. एकमत झालंच नाही तर? तर निर्णय कसा घ्यायचा ते शिखर परिषद ठरवू शकते, एवढंच. आणि शिखर परिषद ते ठरवणार कसं, तर परत एकमतानेच!

हे सगळं अंगाशी आलं जुलै २०१२ मध्ये, कंबोडियात नॉम पेन्हला, परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत. त्याआधी एप्रिलपासून दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो शोल या वादग्रस्त उथळ खडकाळ भागापाशी फिलिपिन्स आणि चीनची जहाजं समोरासमोर उभी होती, आणि व्हिएतनामच्या हक्काच्या समुद्रातले तेलाचे ब्लॉक चिनी कंपनीने बोलीला काढलेले. सव्वाशेहून जास्त परिच्छेदांचं संयुक्त निवेदन तयार होतं, अडलं ते दक्षिण चीन समुद्राच्या तीन-चार परिच्छेदांवर. फिलिपिन्सला शोलचा उल्लेख हवा होता, व्हिएतनामला सागरी क्षेत्रांचा. इंडोनेशिया-सिंगापूर शब्द बदलून बदलून बघत होते आणि अध्यक्ष असलेला कंबोडिया म्हणत होता की हे दोन देशांतलं भांडण आहे, ही बैठक म्हणजे कोर्ट नाही. फिलिपिन्सचे मंत्री बोलत असताना माइक बंद पडला असंही तेव्हा बातम्यांत आलं. शेवटी निवेदनच निघालं नाही, ४५ वर्षांत पहिल्यांदा. मग इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री घाईघाईने पाच राजधान्या फिरले आणि सहा मुद्दे जमवून आणले, त्यात शोलचं नावही नव्हतं.

सगळा दोष कंबोडियावर टाकणं सोपं आहे, चीनचा पैसा वगैरे, आणि ते खोटंही नाही. पण एकाला सगळं अडवता येईल अशी सोय मुद्दाम ठेवलेली होती, बाहेरच्या कुणाला तरी तो एक जण सापडला इतकंच. २०१६ ला याच समुद्राच्या वादात लवादाचा निकाल चीनविरुद्ध फिलिपिन्सच्या बाजूने लागला तरी आसियानच्या निवेदनात निकालाचा शब्द नाही.

व्यापारात मात्र हीच मंडळी चिवट निघाली. आरसेप हा आसियान आणि आसपासच्या देशांचा मुक्त व्यापार करार यांनीच पुढे रेटला, २०१९ ला भारत बाहेर पडला (न्यूझीलंडच्या दूध पावडरीची धास्ती आपल्याकडच्या दूध उत्पादकांना होतीच), तरी २०२० ला सह्या झाल्या.

म्यानमारने मग नियमाची दुसरी बाजू दाखवली. २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतली, एप्रिलमध्ये जाकार्तात हिंसा थांबवण्यासाठी पाच कलमी सहमती झाली, लष्करप्रमुख स्वतः हजर होते, आणि परत जाऊन त्यांनी ती गुंडाळून ठेवली. ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला त्यांना बोलावलं नाही, या गटाच्या मानाने ही केवढी मोठी गोष्ट. २०२५ च्या जुलैत थायलंड-कंबोडिया सीमेवर तोफा चालल्या तेव्हा मलेशियाने पुत्राजायाला दोघांना बसवलं, पण शेजारी अमेरिका आणि चीनचे राजदूतही बसले होते, आणि डिसेंबरात परत लढाई पेटलीच.

२०२५ च्याच ऑक्टोबरात तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला. २०२६ चं अध्यक्षपद खरं म्हणजे म्यानमारच्या पाळीचं, ते २०२३ लाच काढून फिलिपिन्सकडे दिलं. दक्षिण चीन समुद्रात कसं वागायचं याच्या चीनबरोबरच्या आचारसंहितेची मुदतही २०२६ ची धरलेली आहे, म्हणजे २०१२ ला ज्यांचा माइक बंद पडल्याची बातमी होती तेच मसुदा पुढे सरकवणार.