फिल्म स्कॅनरची निवड

छायाचित्रांच्या निगेटिव्ह व स्लाइड (पारदर्शिका) यांवरील प्रतिमा संगणकात उतरवून घेण्यासाठी योग्य यंत्र ठरविणे. कागदावरच्या फोटोवरून प्रकाश परावर्तित होतो, तर फिल्ममधून तो आरपार जावा लागतो. त्यामुळे झाकणात दिवा नसलेला, ऑफिसात कागदपत्रांसाठी वापरला जाणारा स्कॅनर या कामी उपयोगाचा नाही.

निवडीची सुरुवात बाजारातून नव्हे, घरातल्या पेटीतून करावी. नागपूरच्या जुन्या घरांत, महाल-इतवारीच्या वाड्यांत किंवा धरमपेठेतल्या बंगल्यांत, अशी पेटी उघडली की तिच्यात बहुधा दोन पिढ्यांचा माल निघतो. आधीच्या पिढीच्या निगेटिव्ह १२० रोलच्या (३५ मिमी.पेक्षा रुंद फिल्मच्या), कृष्णधवल असतात. भारतात घरोघरी पोहोचलेल्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यातून एका रोलवर ६×६ सेंमी.चे १२ फोटो निघत. नंतरच्या पिढीच्या पट्ट्या ३५ मिमी.च्या, रंगीत आणि नारिंगी झाक असलेल्या असतात. यांपैकी १२० च्या निगेटिव्ह ३५ मिमी.च्या खास स्कॅनरमध्ये शिरतच नाहीत. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय हे लोकप्रिय यंत्र घेतल्यावर आजोबांच्या निगेटिव्ह बाहेरच राहिल्या, अशी फसगत होते ती यामुळे. १२० चा संग्रह मोठा असेल तर एप्सन परफेक्शन व्ही६०० किंवा व्ही८५० प्रकारचा, झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) घेणे बरे.

खोक्यावर छापलेला डीपीआयचा (दर इंचातील बिंदूंचा) आकडा हा निवडीतला सर्वांत फसवा भाग आहे. तो संवेदक किती बिंदू मोजतो हे सांगतो, भिंग किती तपशील दाखवते हे सांगत नाही. व्ही६०० वर ६४०० आणि ८२००आय वर ७२०० असे आकडे असले, तरी स्वतंत्र चाचण्यांत त्यांची खरी क्षमता अनुक्रमे सुमारे १५०० आणि ३२०० च्या आसपास निघते. ३५ मिमी.ची चौकट २४×३६ मिमी.ची असते. १५०० डीपीआयने तिचे साधारण ३० लाख बिंदू मिळतात. ४×६ इंची प्रतीला ते पुरतात, भिंतीवरच्या मोठ्या फोटोला नाही. ३२०० ला सुमारे १ कोटी ३७ लाख बिंदू मिळतात. १२० च्या ६×६ चौकटीवर मात्र तोच फ्लॅटबेड १५०० ने जवळपास १ कोटी १० लाख बिंदू देतो, आणि क्लिक थ्रीच्या साध्या भिंगाने फिल्मवर टिपलेला तपशील यात बहुतेक सामावतो. सगळी पेटी एकाच दर्जाने स्कॅन करण्याचा हट्ट म्हणूनच अनाठायी आहे.

स्लाइडची अडचण वेगळी. तिच्या गडद भागांची घनता निगेटिव्हपेक्षा बरीच जास्त असते. स्वस्त यंत्रात सावल्यांमध्ये दाणेदार गोंधळ दिसतो, तो त्यामुळेच. स्लाइडचा संग्रह महत्त्वाचा असेल तर खास फिल्म स्कॅनरवर खर्च करण्यात अर्थ आहे.

‘डस्ट रिमूव्हल’ म्हणून विकली जाणारी अवरक्त किरणांची सोय रंगीत निगेटिव्हवर उत्तम चालते, कारण रंगद्रव्ये हे किरण अडवीत नाहीत आणि धूळ व ओरखडे तेवढे दिसून येतात. कृष्णधवल फिल्ममधील चांदी मात्र ते अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजते. कोडॅक कंपनीच्या जुन्या कोडाक्रोम स्लाइडवरही ही सोय नीट चालत नाही. ज्या पेटीत कृष्णधवलच जास्त, त्या घराने या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

नागपूरचे हवामान या सगळ्यात ढवळाढवळ करते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोरड्या हवेत फिल्मवरचा जिलेटिनचा थर आकसून पट्टी वळते. फ्लॅटबेडचा फोकस बहुधा ठरावीक अंतरावर असतो, म्हणून वळलेल्या पट्टीचा मधला भाग किंवा कडा अस्पष्ट येतात. अशा वेळी पट्टी सपाट दाबून ठेवणारा होल्डर यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो. कूलरसमोरच्या कपाटातली फिल्म उन्हाळ्यातही दमटते आणि तिच्यावर बुरशी चढते. पावसाळ्याचे तर विचारूच नये. बुरशी लागलेली फिल्म पाण्याने धुऊ नये, तिथले जिलेटिन विरघळते. पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या महिन्यांत पेटी काढून बसावे.

मॅक्रो भिंगाचा डिजिटल कॅमेरा, पांढऱ्या प्रकाशाचा एकसारखा पडदा आणि पट्टी धरणारी चौकट एवढ्या सामग्रीवर कॅमेरा-स्कॅनिंगही होते. ते फ्लॅटबेडपेक्षा वेगवान असते, शेकडो चौकटींसाठी सोयीचे. रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक काढण्याचे काम मात्र नंतर संगणकावर करावे लागते. ज्यांच्याकडे मोजून दहा-वीस निगेटिव्ह आहेत, त्यांनी यंत्र घेण्याऐवजी स्कॅन करून देणाऱ्या स्टुडिओकडे त्या द्याव्यात. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) रोल धुवायला टाकायची सवय असलेल्यांना हे नवे नाही. फक्त तपशील न गमावता साठवणारी टिफ फाइल मागावी, आकार घटवताना तपशील गाळणारी जेपेग नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसारख्या प्रसंगाची मूळ निगेटिव्ह कुणाकडे निघालीच, तर ती अशा घाईच्या कामात अडकवू नये. जाणकाराकडून ड्रम स्कॅनरवर (फिरत्या नळकांड्यावर फिल्म बसवून स्कॅन करणाऱ्या यंत्रावर) किंवा व्यावसायिक फिल्म स्कॅनरवर ती उतरवून घ्यावी.

जुन्या यंत्रांत निकॉनच्या कूलस्कॅन मालिकेला अजून मागणी आहे. तिच्यातली ४००० डीपीआयची यंत्रे आकड्याला जागतात, पण त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले. कूलस्कॅन ५००० यूएसबीवर चालतो, तर १२० फिल्म घेणारा कूलस्कॅन ९००० फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीवर, आणि तिची खाच (पोर्ट) आजच्या लॅपटॉपला नसते. जुने यंत्र घेताना व्ह्यूस्कॅनसारखे सॉफ्टवेअर त्या मॉडेलला ओळखते का, हे आधी पाहावे. होल्डर मूळचेच आहेत ना आणि आतल्या आरशावर धूळ बसलेली नाही ना, हेही एखादी स्लाइड समोर स्कॅन करवून तपासावे. धुळीने माखलेला आरसा असला की उजळ भागांभोवती धुरकट वलय दिसते.