भटकी कुत्री उचलून दूर सोडली की गल्ली मोकळी होते?

होते, पण थोडेच दिवस. कुत्री टिकतात ती उघड्या कचऱ्यावर आणि मिळणाऱ्या अन्नावर. ते तसंच राहिलं की रिकाम्या जागेत शेजारची कुत्री शिरतात. त्यांची ना नसबंदी झालेली असते, ना रेबीजची लस. हद्दीवरून भांडणं होतात ती वेगळीच. म्हणजे लस टोचलेलं कुत्रं घालवून बिनलसीचं आणल्यासारखं झालं!

उपयोग होतो तो पकडणं, नसबंदी, लस आणि पुन्हा त्याच जागी सोडणं याचा. आधी मोजणी करावी, मग एकेक वस्ती पूर्ण करावी. शहरभर तुरळक शस्त्रक्रिया केल्या तर उरलेल्या माद्या ती घट भरून काढतात. मादी साधारण ६ ते १२ महिन्यांची झाली की पहिल्यांदा माजावर येते, गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणून माद्यांना प्राधान्य. दूध पाजणारी मादी मात्र उचलू नये, मागे पिल्लं उपाशी मरतात. भूल उतरण्याआधीच कानाला खाच पाडावी, नाहीतर तेच कुत्रं पुन्हा पकडलं जातं. रेबीजची साखळी तोडायला किमान ७० टक्के कुत्र्यांना लस हवी, आणि ती दरवर्षी. संख्या लगेच घटत नाही, काही वर्षं लागतात. कचरा उघडाच राहिला तर त्याहून जास्त.